एक टक्का पाणी, पंधरा टक्के नायट्रोजन : रॉटरडॅमच्या डॉकहाव्हनचे प्रकरण

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातला पचवलेला गाळ सेंट्रीफ्यूजमध्ये पिळला की एका तोंडाने ओल्या मातीसारखी ढेप पडते आणि दुसऱ्या तोंडाने पाणी वाहते. ढेपेचे सगळे लाड होतात. तिचे वजन होते, तिच्यासाठी ट्रक येतो, तिच्या कोरडेपणाचा टक्का रोज वहीत लिहिला जातो. पाण्याला मात्र कोणी विचारत नाही. एक पाइप ते केंद्राच्या सुरुवातीला परत नेऊन सोडतो आणि विषय संपतो. सेंट्रेट, फिल्ट्रेट, रिजेक्ट वॉटर अशी त्याची कामावरची नावे. मी इथे त्याला निथळपाणी म्हणणार आहे, फक्त ते नितळ असते असे समजू नका. काचेच्या बरणीत घेतले तर करडे-तपकिरी दिसते, वर फेस, तळाशी काळे कण, आणि बरणी हाताला कोमट लागते. झाकण उघडले की नाकात झणझणते.

तो झणझणाट अमोनियाचा. सांडपाण्यातला बराचसा नायट्रोजन केंद्रातल्या जंतूंच्या शरीरात बसतो आणि गाळाबरोबर बाहेर पडतो. मग गाळ डायजेस्टरमध्ये, म्हणजे गाळ पचवणाऱ्या बंद टाकीत, जातो. तिथले जंतू त्यातली प्रथिने फोडून कार्बनाचा मिथेन करतात, पण नायट्रोजनाला तिथे वाट नाही. तो अमोनियम होऊन पाण्यात विरघळून राहतो. केंद्रात येणाऱ्या साध्या सांडपाण्यात लिटरमागे काही दशक मिलिग्रॅम नायट्रोजन असतो, निथळपाण्यात एक ते दीड हजार. म्हणून प्रवाहाच्या जेमतेम एक टक्का असलेले हे पाणी केंद्रावरच्या एकूण नायट्रोजनाच्या पंधरा टक्क्यांच्या आसपास ओझे परत आणते. एकदा वीज जाळून पकडलेला नायट्रोजन मागच्या दाराने पुन्हा आत येतो. त्यात सेंट्रीफ्यूज फक्त दिवसपाळीत चालत असेल तर हे ओझे नेमके तेव्हाच येते, जेव्हा शहराचे सांडपाणीही भरात असते.

हे सगळे जगभरच्या केंद्रांना माहीत होते आणि बहुतेकांनी ते चालवून घेतले. रॉटरडॅमच्या डॉकहाव्हन केंद्राला चालवून घेता आले नाही, म्हणून हे प्रकरण.

जागा

डॉकहाव्हन म्हणजे जुनी गोदी. नव्या मास नदीच्या दक्षिण काठावर, दाट वस्तीत, बंद पडलेल्या गोदीच्या खड्ड्यात १९८७ साली हे केंद्र बांधून सुरू झाले. वर छप्पर घातले आणि छपरावर बाग केली. खाली काही लाख माणसांचे सांडपाणी शुद्ध होते आणि वर लोक कुत्री फिरवतात. गाळाचे काम थोड्या अंतरावरच्या स्लाउसियेसडाइक या वेगळ्या जागेत, डायजेस्टर आणि सेंट्रीफ्यूज तिथे.

रचना बघून कौतुक वाटते, पण अभियंत्याला यातली मेख लगेच दिसते. उघड्यावरच्या केंद्राला टाकी कमी पडली तर शेजारी आणखी एक खणता येते. इथे चारही बाजूंना गोदीच्या भिंती, डोक्यावर बाग, बागेपलीकडे घरे. १९८७ साली जेवढे घनमीटर मिळाले तेवढ्यातच भागवायचे.

दुसरी मेख प्रक्रियेत होती. डॉकहाव्हन ए-बी पद्धतीचे केंद्र आहे. ए टप्प्यात अगदी थोड्या वेळात, भरपूर भार घालून सेंद्रिय पदार्थ गाळात ओढून घेतले जातात. ते डायजेस्टरमध्ये जातात आणि गॅस चांगला मिळतो. मागून येणाऱ्या बी टप्प्याने अमोनियमचे नायट्रेट करायचे. पण नायट्रेटचा पुढे नायट्रोजन वायू करणाऱ्या जंतूंना कार्बनाचे खाद्य लागते, आणि ते ए टप्प्याने आधीच उचलून नेलेले असते. शिवाय अमोनियम खाणारे जंतू सावकाश वाढतात आणि हिवाळ्यात आणखी सावकाश. त्यांना टिकवायचे तर गाळ टाकीत जास्त दिवस ठेवावा लागतो, म्हणजे टाकी मोठी लागते, आणि टाकी मोठी करायला जागा नाही. अडचण अशी गोल फिरून पुन्हा गोदीच्या भिंतीपाशी येत होती.

युरोपीय समुदायाचा शहरी सांडपाण्याचा निर्देश १९९१ साली आला. संवेदनशील जलक्षेत्रात पाणी सोडणाऱ्या, लाखावर लोकसंख्या-समतुल्य (एक समतुल्य म्हणजे एका माणसाच्या सांडपाण्याएवढा भार) असलेल्या केंद्रांसाठी एकूण नायट्रोजनाची मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम ठरली, किंवा त्याऐवजी टक्केवारीने घट दाखवायची. नेदरलँड्समध्ये जलमंडळांना आपापल्या क्षेत्रातला ७५ टक्के नायट्रोजन काढून दाखवायचा होता. डॉकहाव्हनपुढे दोन वाटा होत्या. दुसरीकडे कुठेतरी मोठी भर घालायची, नाहीतर ते पंधरा टक्के मुख्य प्रवाहात मिसळू द्यायचेच नाहीत, स्लाउसियेसडाइकलाच निपटायचे.

दुसरी वाट घेतली, आणि ती का घेता आली हे बघण्यासारखे आहे. निथळपाणी त्रासदायक आहे ते त्याच्या तीव्रतेमुळे. पण तीव्र म्हणजे थोडे, आणि डायजेस्टरमधून आल्यामुळे ३० अंशांच्या वर तापलेले. मुख्य प्रवाहात मिसळले की दोन्ही गुण वाया जातात: ऊब उडून जाते, अमोनियम शंभर पट पातळ होते. वेगळे ठेवले तर तेच दोष कामाला येतात.

पहिली टाकी : ऊब आणि घाई

डेल्फ्ट तंत्र विद्यापीठात याच कोमटपणावर एक विचार चालू होता. अमोनियमचे नायट्रेट दोन टप्प्यांत होते. एक जंतू अमोनियमचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. थंड पाण्यात दुसरा जंतू पहिल्याच्या पुढे असतो, म्हणून नायट्राइट साचत नाही. पण साधारण २५ अंशांच्या वर क्रम उलटतो आणि पहिला जास्त वेगाने वाढू लागतो. मग टाकीत गाळ अडवून धरायचाच नाही. पाणी जेवढा वेळ टाकीत राहते तेवढाच वेळ जंतूंनाही द्यायचा, ३५ अंशांना सुमारे एक दिवस. पहिल्याला तेवढ्यात दुप्पट होता येते, तो टिकतो. दुसऱ्याला येत नाही, तो पाण्याबरोबर वाहून जातो. त्याला मारावे लागत नाही, फक्त वेळ द्यायचा नाही.

या पद्धतीचे नाव शॅरॉन. पूर्ण आकाराच्या पहिल्या टाक्या उट्रेख्टला १९९७ मध्ये आणि रॉटरडॅमला १९९९ मध्ये सुरू झाल्या. रॉटरडॅमची टाकी १,८०० घनमीटरची. हवा आळीपाळीने चालू-बंद व्हायची. हवा चालू असताना नायट्राइट तयार होई, बंद असताना मिथेनॉल घालून त्याचा नायट्रोजन वायू केला जाई. नायट्रेटपर्यंत न गेल्यामुळे ऑक्सिजन पाव हिश्शाने वाचतो आणि मिथेनॉल ४० टक्क्यांनी. टाकीत गाळ धरून ठेवायचा नसल्याने पुढे सेटलिंग टाकी नाही, परतीचा पंप नाही. चालवणाऱ्याच्या दृष्टीने यापेक्षा साधे यंत्र क्वचितच सापडेल.

मिथेनॉल कशासाठी हे नीट पाहिले पाहिजे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यातून निघते. डायजेस्टरमध्ये प्रथिन फुटते तेव्हा अमोनियम सुटते आणि कार्बन डायऑक्साइडही सुटतो. दोघे पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट म्हणून राहतात, म्हणजे एका अमोनियममागे साधारण एक बायकार्बोनेट. आता अमोनियमच्या एका रेणूचे नायट्राइट करताना आम्लाचे दोन कण सुटतात आणि ते गिळायला दोन बायकार्बोनेट लागतात. जमेला एक, खर्चाला दोन. निम्मे अमोनियम संपले की बायकार्बोनेटची थैली रिकामी होते, पीएच घसरतो आणि जंतू हात टेकतात. उरलेले निम्मे तसेच राहते. पुढे जायचे तर आम्ल मारायला काहीतरी हवे. ते काम मिथेनॉलवर चालणारी डीनायट्रिफिकेशनची, म्हणजे नायट्राइटचा वायू करण्याची, पायरी करत होती, कारण तिच्यात अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल गिळायची ताकद, परत मिळते. रॉटरडॅममध्ये मिथेनॉल नायट्रोजनाइतकेच पीएचसाठीही विकत घेतले जात होते.

कोणी म्हणेल, निम्म्यावर अडणारी प्रक्रिया ही अर्धवट प्रक्रिया झाली. अमोनियम आणि नायट्राइट निम्मे-निम्मे, लिटरमागे अर्ध्या ग्रॅमच्या वर. असे पाणी नदीत सोडण्याचा प्रश्नच नाही, मुख्य केंद्रालाही ते नकोसे. पण नेमके हेच मिश्रण ज्याला हवे असा एक जंतू तोवर शेजारच्या गावात सापडलेला होता.

शेजारच्या गावातला जंतू

ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ एंगेलबर्ट ब्रोडा यांनी १९७७ मध्ये कागदावर हिशेब मांडला होता. अमोनियम आणि नायट्राइट यांच्या संयोगातून ऊर्जा सुटते, मग त्यावर जगणारा जंतू निसर्गात असायलाच हवा, तो अजून कोणाला दिसलेला नाही एवढेच. त्यानंतर बरीच वर्षे तो कोणाला दिसला नाही. मग डेल्फ्टमधल्या यीस्टच्या कारखान्यात, गिस्ट-ब्रोकाडेसमध्ये, सांडपाण्याच्या एका पायलट रिअॅक्टरवर काम करताना आर्नोल्ड मुल्डर यांच्या लक्षात आले की हवा नसलेल्या टाकीतून अमोनियम नाहीसे होते आहे. हवा नाही तर अमोनियम जळणार कसे? ताळेबंदात बसत नव्हते. त्यावरचा निबंध १९९५ मध्ये आला, आणि १९९९ मध्ये तो जंतू प्लँक्टोमायसीट गटातला आहे हे ठरले. या प्रक्रियेला अॅनामॉक्स म्हणतात.

हा जंतू अमोनियमचा एक रेणू नायट्राइटच्या सुमारे १.३ रेणूंशी जोडतो आणि नायट्रोजन वायू सोडतो. कार्बनाचे खाद्य लागत नाही, हवा लागत नाही. मधल्या पायरीवर हायड्रॅझिन तयार होते, जे रॉकेटच्या इंधनात वापरतात. हे विष पेशीत स्वतंत्र कप्प्यात सांभाळले जाते. सुमारे ११ टक्के नायट्रोजन नायट्रेट होऊन उरतो, तेवढी त्याची दलाली म्हणा. दाणे धरतो आणि दाण्यांचा रंग लाल असतो, पेशीतल्या हीममुळे. हे लाल दाणे चटकन तळाला बसतात, त्यामुळे उंच, अरुंद टाकीत खालून पाणी सोडले तरी वाहून जात नाहीत.

हिशेब मांडून पाहू. नेहमीच्या पद्धतीने एक किलो अमोनियम-नायट्रोजन नायट्रेटपर्यंत नेण्यास ४.५७ किलो ऑक्सिजन लागतो, आणि त्याचा वायू करायला अडीच ते तीन किलो मिथेनॉल. नव्या जोडीत एक किलोपैकी साधारण ५७ टक्क्यांचेच नायट्राइट करायचे असते आणि त्याला किलोमागे ३.४३ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे एकूण दोन किलोच्या आत. मिथेनॉल शून्य. दोष असा की १ ला १.३ हवे आणि निथळपाणी आपणहून १ ला १ देते. प्रत्यक्षात हा दोष वरदानच आहे. नायट्राइट या जंतूचे अन्नही आहे आणि विषही. नायट्राइट थोडे कमी पडले तर थोडे अमोनियम उरते, ते मुख्य केंद्र सांभाळून घेते. नायट्राइट जास्त झाले तर टाकी मरते.

आता शॅरॉनमध्ये मिथेनॉल घालणे बंद करायचे, प्रक्रिया निम्म्यावर अडू द्यायची, आणि ते पाणी दुसऱ्या टाकीत सोडायचे. दुसरी टाकी ७० घनमीटरची. पहिली १,८०० घनमीटरची. दोन्ही शेजारी उभ्या कल्पून पाहा.

साडेतीन वर्षे

अॅनामॉक्सची टाकी जुलै २००२ मध्ये सुरू झाली. अशी ही जगातली पहिली. प्रयोगशाळेतल्या १० लिटरच्या भांड्यावरून थेट ७० घनमीटर, म्हणजे सात हजार पट उडी. मधला पायलट गाळला होता. जलमंडळ, डेल्फ्ट आणि नायमेखनचे संशोधक आणि टाकी बांधणारी पाकेस कंपनी यांनी विचार करून पत्करलेली जोखीम होती ती.

टाकी पूर्ण भाराला यायला साडेतीन वर्षे गेली.

कारण सांगायला सोपे आहे. हा जंतू १० ते १२ दिवसांत एकदा दुप्पट होतो. ई. कोलाय सोयीच्या स्थितीत २० मिनिटांत होतो. जंतू हजारपट व्हायचा तर दहा वेळा दुप्पट व्हावा लागतो, म्हणजे सगळे सुरळीत असेल तर ११० दिवस. दहा लाखपट व्हायचा तर २२० दिवस. आणि तेव्हा जगात कुठेही पिंपभर बियाणे विकत मिळत नव्हते, कारण दुसरी टाकीच नव्हती. पण २२० दिवस म्हणजे साडेतीन वर्षे नव्हेत. उरलेला काळ "सगळे सुरळीत असेल तर" या शब्दांत गेला. एका रात्री नायट्राइट वाढले आणि निम्मे जंतू मेले, तर नुकसान एका रात्रीचे नसते. निदान ११ दिवसांचे असते, कारण निम्म्याचे पुन्हा पूर्ण व्हायला तेवढे लागतात. नव्वद टक्के मेले तर पाच आठवड्यांहून जास्त. साध्या गाळाच्या टाकीत असा धक्का दोन-तीन दिवसांत भरून निघतो, चालवणाऱ्याचा हातही त्याच सवयीचा असतो. इथे ती सवय मोडावी लागली.

पहिल्या काळात आणखी एक पेच होता आणि मला तो या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो. टाकीत अॅनामॉक्स आहे की नाही हेच कळत नव्हते.

चालवणाऱ्याकडे साधन काय? आत जाणारे अमोनियम आणि नायट्राइट मोजायचे, बाहेर येणारे मोजायचे, फरक पाहायचा. आत ५०० मिलिग्रॅम, बाहेर ४९५. हा पाचाचा फरक जंतूंचा की मोजमापातल्या चुकीचा? त्यात नायट्राइट खाणारे साधे डीनायट्रिफायरही टाकीत असतात. पाण्यातल्या उरल्यासुरल्या सेंद्रिय पदार्थांवर ते जगतात आणि नायट्राइट कमी करून दाखवतात. त्यांचे काम या नव्या पाहुण्याच्या नावावर खपू शकते. जंतू दर ११ दिवसांनी इमानाने दुप्पट होत असला, तरी त्याचा वाटा एकूण भाराच्या एक-दोन टक्क्यांपर्यंत येईपर्यंत नेहमीच्या चाचण्यांना तो अदृश्य. आणि तिथवर पोचायलाच महिने लागतात. महिनोन्महिने आकडा सपाट. अशा वेळी माणूस काहीतरी बदलतो: पाण्याचा वेग वाढवतो, भार वाढवतो, टाकी रिकामी करून पुन्हा भरतो. आणि जो थोडा जंतू धरलेला असतो तोही घालवतो.

इथे त्यांनी क्वांटिटेटिव्ह पीसीआर वापरले. नमुन्यातून या जंतूच्या जनुकाच्या प्रती मोजायच्या. टाकीने किती नायट्रोजन काढला हे त्याला कळत नाही, पण जंतू किती आहेत ते कळते, अगदी थोडे असले तरी. हे आकडे लॉगच्या कागदावर मांडले तर वाढ सरळ चढती रेघ म्हणून दिसते आणि रेघेच्या चढावरून दुप्पट होण्याचा काळ निघतो: १० ते १२ दिवस, प्रयोगशाळेत जेवढा होता तेवढाच. रसायनाच्या वहीत सपाट, जनुकांच्या वहीत चढती रेघ. त्या रेघेमुळे काहीही न बदलता थांबायचा धीर आला. डेल्फ्टच्या व्हान डेर स्टार आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या सुरुवातीचा वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात टाकीच्या कामगिरीइतकेच महत्त्व या मोजणीला आहे.

शेवटी टाकी भाराला आली तेव्हा दिवसाला ७५० किलोपर्यंत नायट्रोजन घेऊ लागली, म्हणजे घनमीटरमागे दिवसाला दहा किलोच्या आसपास. संकल्पनेतला आकडा ५०० किलोंचा होता. नेहमीच्या हवेच्या टाकीत घनमीटरमागचा हा आकडा किलोच्या दशांशात असतो.

वाट पाहणे परवडले कशामुळे

हे प्रकरण बहुधा जंतूची गोष्ट म्हणून सांगितले जाते. लाल दाणे, रॉकेटचे इंधन, कागदावर आधी सापडलेला जीव. गोष्ट आहेच तशी. पण साडेतीन वर्षे न चालणारी टाकी कोणते केंद्र सहन करेल? सोडलेल्या पाण्याची मर्यादा रोज पाळायची असते. डॉकहाव्हनला हे सहन झाले कारण पहिली टाकी १९९९ पासून चालू होती. अॅनामॉक्सची टाकी आजारी पडली की शॅरॉनमध्ये मिथेनॉल पुन्हा सुरू करायचे, हवा चालू-बंद करायची आणि नायट्रोजन जुन्या वाटेने काढायचा. खर्च वाढतो, पण नदीला काही कळत नाही. नव्या टाकीला हवे तेवढेच, तिला पचेल तेवढेच पाणी देता येत होते. बाकीचे शॅरॉन निस्तरत होते.

म्हणजे दोन टाक्यांची मांडणी फक्त रसायनशास्त्राने ठरवलेली नव्हती. आधीची टाकी नव्या टाकीची विमा-पॉलिसी होती. असे कोणी आधी ठरवून केले होते की योगायोगाने जमले, हा वाद करण्यात अर्थ नाही. पण पुढच्या एखाद्या केंद्राने हेच अॅनामॉक्स पहिल्या टाकीविना, बियाण्याविना आणि सोडपाण्याची मुदत डोक्यावर असताना सुरू केले असते, तर पाचव्या-सहाव्या महिन्यात कोणीतरी धीर सोडला असता आणि "हे तंत्र चालत नाही" असा अहवाल लिहिला गेला असता.

ऑस्ट्रियातल्या स्ट्रासने दुसरी वाट धरली. २००४ पासून तिथे ५०० घनमीटरच्या एकाच टाकीत दोन्ही कामे चालतात: हवा थोडी सोडायची, पीएच अगदी अरुंद पट्ट्यात राखायचा, आणि नायट्राइट तयार होता होता शेजारच्या अॅनामॉक्सने खायचे. नायट्राइट कधी साचतच नाही, त्यामुळे विषाची भीती कमी. बियाणे त्यांनी काही लिटरांपासून पायरीपायरीने वाढवत नेले आणि त्याला अडीच वर्षे लागली. एकाने सात हजार पट उडी मारली, दुसऱ्याने जिना चढला, आणि वेळ दोघांनाही वर्षांमध्येच मोजावा लागला. ११ दिवसांपुढे कोणाचे चालले नाही. त्यानंतर नेदरलँड्समध्येही ओल्बुर्गनसारख्या ठिकाणी एकाच टाकीचा मार्ग रुळला. आज नव्याने बांधणाऱ्याला मी दोन टाक्यांचा सल्ला देणार नाही. बियाणे आता ट्रकने येते, विम्याची तेवढी गरज उरलेली नाही.

एकच टाकी असो वा दोन, रोजचा त्रास मात्र सारखाच, आणि तो जंतूशास्त्राच्या निबंधात फारसा सापडत नाही. सेंट्रीफ्यूजवर गाळाच्या गुठळ्या बांधणाऱ्या पॉलिमरची मात्रा चुकली की निथळपाणी काळे होऊन येते. मग त्यातला बारीक गाळ दाण्यांच्या मधे जाऊन बसतो आणि हळूहळू दाण्यांची जागा घेतो. पाइपांत आणि पंपांत स्ट्रुवाइट या खनिजाचे पांढरे खडे धरतात. सेंट्रीफ्यूज शनिवार-रविवार बंद राहिले तर टाकीला उपास, सोमवारी एकदम ताट. म्हणून मधे एक साठवण टाकी हवीच. पैसे वाचवायला पहिली कात्री नेहमी याच टाकीवर चालते, आणि मग सगळा दोष जंतूच्या माथी येतो.

वायूचा हिशेब

डॉकहाव्हनच्या या जोडीवर कॅम्पश्रेउर आणि सहकाऱ्यांनी वायूंचे मापन केले आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केले. येणाऱ्या नायट्रोजनापैकी १.७ टक्के नायट्राइटच्या टाकीतून आणि ०.६ टक्के अॅनामॉक्सच्या टाकीतून नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जात होता. मिळून २.३ टक्के. आकडा लहान दिसतो, म्हणून तो दिवसाच्या ५०० किलो भारावर लावून पाहू. ११.५ किलो नायट्रोजन, म्हणजे १८ किलो नायट्रस ऑक्साइड. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. दिवसाला जवळपास ५ टन.

आता बचत. ऑक्सिजन किलोमागे २.६ किलोने वाचला, ५०० किलोंवर १,३०० किलो. एका युनिट विजेत दीड किलो ऑक्सिजन विरघळतो असे धरले तर पावणेनऊशे युनिट. वीज कोळशावरची धरली तरी त्याचा कार्बन डायऑक्साइड एका टनाच्या आत. वाचलेल्या मिथेनॉलचा मिळवला, तरी तीन टनांच्या आसपास. म्हणजे हवेची आणि मिथेनॉलची सगळी बचत नायट्रस ऑक्साइडच्या त्या २.३ टक्क्यांनी गिळली, वर आणखी काही गिळले.

हा हिशेब पुरता न्याय्य नाही, कारण जुन्या पद्धतीतूनही नायट्रस ऑक्साइड निघतोच, आणि त्यात मिथेनॉल बनवायला लागणारी ऊर्जा मी धरलेली नाही. पण नव्या टाकीच्या माहितीपत्रकात विजेची बचत मोठ्या अक्षरांत असेल आणि या वायूचा उल्लेखच नसेल, तर खरेदी करणाऱ्याने तो विचारावा. तो बहुतेक हवेच्या टाकीतून निघतो, जिथे नायट्राइट जास्त आणि ऑक्सिजन तोकडा असतो. हवा हळूहळू वाढवणे-कमी करणे, अमोनियमचे झटके न देणे, नायट्राइट साचू न देणे यांनी तो कमी होतो. यातली शेवटची गोष्ट एका टाकीत जमते, शॅरॉनमध्ये जमण्यासारखी नाही, कारण शॅरॉनचे कामच नायट्राइट साचवणे आहे.

मुख्य प्रवाहाकडे

निथळपाण्याचे पंधरा टक्के सुटल्यावर नजर उरलेल्या पंच्याऐंशी टक्क्यांकडे जाणारच. ए टप्प्यातून निघालेल्या पाण्यात कार्बन कमी आणि अमोनियम शाबूत, म्हणजे कागदावर अॅनामॉक्ससाठी ताट वाढलेले. डॉकहाव्हनमध्येच ४ घनमीटरची एक पायलट टाकी या पाण्यावर चालवून पाहिली गेली, सुमारे १९ अंशांना आणि पुढे त्याहून थंड पाण्यावरही. अॅनामॉक्स त्या थंडीतही टिकले, दाणे धरले, नायट्रोजन काढत राहिले. अडचण आली ती नायट्राइट खाऊन नायट्रेट करणाऱ्या त्या दुसऱ्या जंतूची. स्लाउसियेसडाइकला तो ३५ अंशांची ऊब आणि एक दिवसाची घाई यांच्यापुढे टिकला नव्हता. इथे ऊब नाही, आणि अॅनामॉक्ससाठी दाणे अडवून धरायचे तर घाईही करता येत नाही. दाण्यांच्या आडोशाने तोही मुक्कामाला राहतो आणि अॅनामॉक्सच्या तोंडचा नायट्राइट पळवतो.